काकांची माघार, संगणकाच्या मते

लालबाग, मंगळवार

आदरणीय बुधाजीकाका यांस,
मृणालिनीचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा दमा कसा आहे ते कळवा, म्हणजे फोन उचलून कळवा. तुम्ही तो उचलत नाही म्हणून हे पत्र. तुम्ही एकटेच गावी निघून गेलात तेव्हापासून काकी आमच्याकडे आहे आणि ठीक आहे (आमच्या खोलीत आणखी एक माणूस मावतं, हे आईने सिद्ध केलं, माझं अंथरूण आता गॅलरीत असतं).

गिरणी कामगारांच्या घरांच्या यादीतून तुमचं नाव कसं गेलं, हे तुम्हाला कुणीतरी नीट सांगायला हवं. घरांच्या कचेरीतल्या त्या खिडकीवरच्या संगणकाचा प्रोग्राम आमच्या ऑफिसने केला आहे आणि त्यातलं बरंचसं काम माझं आहे. तेव्हा ते कुणीतरी म्हणजे मीच.

हा प्रोग्राम आधी गोठायचा. खिडकीवर उत्तम नावाचा कारकून बसतो. त्याने कामगाराचं नाव टाकून बटण दाबलं की पडताळणीसाठी निरोप अँटॉप हिलच्या मोठ्या संगणकाकडे जायचा. लाइन अतिशय मंद. उत्तर येईपर्यंत पडदा मेलेला आणि वर पाटी, ‘प्रतिसाद देत नाही’. (रांगेतल्यांना त्यात नवीन काही वाटत नसे. मालकांनी, सरकारने आणि पुढाऱ्यांनी त्यांना आळीपाळीने हेच दिलेलं.) उत्तम माऊस आपटायचा, चहाला जायचा, परत येऊन पुन्हा आपटायचा.

खरा दोष लाइनचा नव्हता, मांडणीचा होता. प्रोग्रामात एकच गडी होता. पडदाही त्यानेच सांभाळायचा, निरोपही त्यानेच न्यायचा. तो बाहेर पडला की आत कुणीच नाही. तुमच्या गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात, एका चातीवरचा धागा तुटला म्हणून बाकीच्या चात्या फिरायच्या थांबत नव्हत्या. इथेही तसंच हवं होतं. निरोप्या वेगळा, पडद्यावरचा वेगळा. (आमच्या धंद्यातही याला धागाच म्हणतात, फक्त इंग्रजीत.) आमचे साहेब म्हणाले, “एका कामाला दोन माणसं? गिरण्या अशाच बुडाल्या.” मी तरीही धागा वेगळा केला.

पडदा जिवंत झाला. निरोप्या बाहेर असतानाही उत्तमला पडद्यावरचं बाकीचं काम करता येऊ लागलं आणि फारच उशीर झाला तर ते काम मध्येच सोडता येऊ लागलं. अर्धवट सोडलेली पडताळणी म्हणजे अर्जदाराची माघार, हा नियम मात्र कचेरीचा. म्हणून मी स्पष्ट प्रश्न लिहिला होता: ‘पडताळणी रद्द करायची का?’ साहेबांना ‘रद्द’ शब्द म्हाताऱ्या माणसांसाठी कठोर वाटला. त्यांनी स्वतः सौम्य वाक्य घातलं: ‘थांबायचे आहे का?’ खाली दोन बटणं, होय आणि नाही. मी म्हटलं, थांबणे या शब्दाचे दोन अर्थ होतात. ते म्हणाले, “तू मला मराठी शिकवू नकोस.”

पुढचं उत्तमकडून कळलं. तुमच्या वेळी उत्तर आलं नाही, प्रश्न आला. त्याने तो मोठ्याने वाचला, “आजोबा, थांबायचंय का?” तुम्ही म्हणालात, “होय रे बाबा. एवढी वर्षं थांबलो, आता कुठे पळतोय?” रांग हसली. उत्तमही हसला आणि हसत हसत त्याने ‘होय’ दाबलं.

पडदा गोठला नाही. ‘अर्जदाराने माघार घेतली’, हे उमटायला क्षणही लागला नाही. त्या बाबतीत माझ्या कामात खोट काढता येणार नाही.

संपात जे गेटातून आत गेले त्यांच्याशी तुम्ही अजून बोलत नाही, त्यांच्या मयतालाही जात नाही. तोच ‘माघार’ शब्द छापून तुमच्या हातात दिल्यावर तुम्ही खिडकीवर भांडला नाहीत, सरळ गावची एसटी पकडलीत, याचं मला नवल वाटलं नाही. साहेबांना वाटलं. त्यांना मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, तुंबलेली प्रकरणं झपाट्याने कमी झाली आहेत आणि कचेरी खूश आहे. (माघार घेतलेलं प्रकरण निकाली निघालेलं धरतात.) त्या आनंदात ऑफिसात केक कापला. मीही खाल्ला. बरा होता.

तब्येतीला जपा.

तुमची पुतणी,
मृणालिनी

ता. क. पडद्यावरचा प्रश्न आता बदलला आहे. तुमची नोंद मला बदलता येत नाही (येते, पण मग तुमचं घर आणि माझी नोकरी दोन्ही जातील). कचेरी एकच मार्ग देते: महिनाअखेरीच्या आत स्वतः यायचं आणि ‘मी चुकून माघार घेतली होती’ या वाक्याखाली सही करायची. मी दुसरी वाक्यं लिहून नेली होती, खरी. ती चालत नाहीत. काका, सही करा. हे पत्र एवढ्यासाठीच होतं.

आणखी एक. वरचं सगळं काकीला वाचून दाखवलं. रविवारी ती गावी यायला निघणार होती. तिकीट तिने परत करायला लावलं. तुमची सही होईपर्यंत ती येणार नाही. मी म्हटलं, काकी, असं एकदम कसं लिहू, किती दिवस ते तरी सांग. ती म्हणाली, “लिही, बेमुदत.”