न पाहिलेलं खोरं

बंगळूर, ३ फेब्रुवारी १९९९

ती. बाबांना चैतालीचा सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुम्ही फक्त बोलता, ऐकत नाही; म्हणून पत्र. आमच्या कंपनीत हिमालयाचे जुने नकाशे संगणकावर चढवतात. काल १९६४चा एक समोर आला. खाली सर्वेक्षकाचं नाव, भीमराव ओव्हाळ! ऑफिसभर मिरवलं. मग दिसलं, वरच्या खोऱ्यातला तुमचा नाला पूर्वेला वाहतो आणि उपग्रहाच्या छायाचित्रात तोच पश्चिमेला.

मी साहेबांना ठणकावलं, छायाचित्रच चुकलंय. माझे बाबा भाजीवाल्याचा काटासुद्धा तपासतात. वीस तारखेला तसं लिहून सही करायची आहे. जूनमध्ये याच नकाशाच्या भरवशावर माणसं तिथे चालणार आहेत. तुमची तेव्हाची वही पाठवा.

आईला जयभीम. माया पोस्टात अडकू देऊ नका.

आपली,
चैताली

धायरी, ९ फेब्रुवारी

चि. चैताली हिस अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. बापाच्या चुका शोधायला तुला पगार मिळतो. तुझी आई हे काम आयुष्यभर फुकट करत आली.

सही करू नकोस. ते खोरं मी पाहिलेलंच नाही. खिंडीखाली माझा खलाशी, म्हणजे मोजणीचं सामान वाहणारा मदतनीस, कचरू याला बर्फाच्या चकाकीने दिसेनासं झालं. त्याला पाठीवर घेऊन दोन दिवस उतरलो. मागे वाट बंद झाली. नियमाने तिथे जागा कोरी सोडायची. पण माझा पहिलाच नकाशा, आणि आपल्यातला कोणी कमी पडला की लोक काय बोलतात ते ठाऊक होतं. तंबूत बसून शेजारच्यासारखं खोरं काढलं. सुबक आलं, शाबासकीही मिळाली. लाज वाटते, पोरी.

हे पत्र साहेबांना दाखव. माझं नाव झाकू नकोस. उरलासुरला लोभ असू दे.

तुझा,
बाबा

बंगळूर, १५ फेब्रुवारी

ती. बाबांना सप्रेम जयभीम.

दाखवलं. नाला पुसला. साहेबांनी एवढंच विचारलं, कचरू वाचला का? स्वतःच्या पापावर अख्खं पत्र आणि त्याचं पुढे काय झालं यावर अवाक्षर नाही, धन्य आहात! लोभ वाढलाय, इलाज नाही.

आपली,
चैताली

धायरी, २१ फेब्रुवारी

चि. चैताली हिस आशीर्वाद.

वाचला. नजरही परत आली. लोणी काळभोरला असतो. ओव्हाळसाहेबांनी नकाशा टाकला पण मला टाकलं नाही, असं त्याला गावभर सांगायचं होतं. पस्तीस वर्षं मी त्याला दटावून गप्प बसवलं. काल बसने जाऊन सांगून आलो, कचरू, आता खुशाल बोल.

तुझा,
बाबा