गाडी अश्विनला, लांब गोळा दिपालीला

मी, सत्यवती धोंडबा काळबांडे, वय ७६ वर्षे, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या बुद्धीने व राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि पुढे ऋण संख्यांत जाऊ का असे विचारले, तेव्हा त्या पुरे म्हणाल्या. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मी काय लिहिते आहे हे माझ्या मुलांना ठाऊक नाही. ठाऊक असते तर दोघांनीही दडपण आणलेच असते. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे वारस दोन. मुलगा अश्विन, जो माझ्याजवळ राहतो, आणि मुलगी दिपाली, जी नाशिकला असते. माझे पती धोंडबा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे निदेशक होते. ते २०१९ साली वारले.

२. सक्करदऱ्याचे राहते घर दोघांना निम्मे-निम्मे. बँकेतील ठेवीही तशाच. माझ्या पाटल्या सून मिनल हिला द्याव्यात, कारण माझे पथ्यपाणी तिने कुरकुर न करता केले, आणि जी काही कुरकुर केली ती मला ऐकू येणार नाही अशा बेताने केली. गोफ दिपालीचा. घरावरून किंवा सोन्यावरून माझी मुले भांडणार नाहीत, याची मला खात्री आहे. ती भांडतात गाडीवरून.

३. गाडी म्हणजे आमची दुधी रंगाची १९६७ची अ‍ॅम्बॅसेडर. ती आम्ही एका जिनिंगवाल्याकडून जुनी घेतली. तिची वाटणी समजण्यासाठी गोळा म्हणजे काय ते सांगणे भाग आहे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो फुगीर भाग असतो, त्यात क्राऊन-पिनियनची दातेरी जोडी बसते. इंजिनचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा व्हायचा, हे ती जोडी ठरवते. या सगळ्या अवजड प्रकरणाला आमच्या घरात गोळा म्हणतात.

गाडीबरोबर आलेला कंपनीचा गोळा नऊ आणि एक्केचाळीस दात्यांचा. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे साडेचार फेरे. ओझे ओढायला, इतवारीत हातगाडीच्या मागे रांगायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण हायवेवर साठाचा वेग धरला की इंजिन असे बोंबलायचे की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. एकदा अमरावतीहून परतताना हे म्हणाले, "सत्या, तू काईतरी सांगून राहिली, पण मले नुसतं तुयं तोंड हालताना दिसते वं."

तिथून ह्यांच्या डोक्यात लांब गोळ्याने, म्हणजे इंजिनच्या कमी फेऱ्यांत लांबचा पल्ला मारणाऱ्या गोळ्याने, घर केले. भंगार बाजारात ह्यांना तीन जोड्या सापडल्या, तिन्ही याच घराण्याच्या विलायती गाड्यांच्या. मी फरशीवर खडूने हिशेब मांडला. नऊ-अडतीसची जोडी घेऊन फरक इतका थोडा पडत होता की त्यासाठी गाडी खोलणे फुकट होते. सगळ्यात लांब जोडीने इंजिन अगदी गप्प झाले असते, पण चार माणसे आणि सामान घेऊन तळेगावच्या घाटात त्याला धाप लागली असती. मग अकरा-त्रेचाळीसची जोडी ठरली. चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे चार फेरेसुद्धा लागत नाहीत. ह्यांनी ती भंगारातल्याच दुसऱ्या एका गोळ्यात बसवली आणि आमच्याकडे गाडी एक, गोळे दोन असा संसार सुरू झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी लांब गोळा चढायचा, आणि काटोलची संत्री निघायच्या आधी पुन्हा कंपनीचा.

४. काटोलवरून आठवले. माझे दीर रुपरावभाऊजी यांना मी आमच्या पडवीत खिळ्याला टांगलेली जळकी क्लचप्लेट देते. लांब गोळा बसवला असताना ओझे घालू नका असे ह्यांनी बजावले होते. तरी भाऊजींनी डिकीत, मागच्या सीटवर आणि टपावर संत्र्यांची खोकी रचली आणि बागेच्या चढावर क्लच अर्धवट दाबून धरून गाडी काढली. धूर निघाला तेव्हा म्हणाले, "गाडीतच दम नाही गा, मी काय करू?" दम गाडीत होता, भाऊजी. ओझ्याला एक गोळा लागतो आणि रस्त्याला एक. प्लेट तुमच्या दिवाणखान्यात लावावी. सोबत माझा आशीर्वाद आहे, कारण पुढे प्रत्येक हंगामात पहिली संत्री तुम्हीच आमच्या दारात आणून ठेवलीत.

५. लांब गोळ्याविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवते. साठाच्या वर गाडी न्यायची नाही, ही माझी लग्नापासूनची अट. लांब गोळा बसल्यावर हे मोठ्या आज्ञाधारकपणे काटा साठावर धरून बसायचे. झाडे भराभर मागे जाऊ लागली आणि मी दार घट्ट धरले की म्हणायचे, "काहून भेऊन राहिली वं? काटा पाह्य, साठच आहे." काट्याची तार गिअरबॉक्समधून येते; मागचा गोळा बदलला हे त्या बिचाऱ्या काट्याला कळत नाही. तो साठ दाखवतो तेव्हा गाडी सत्तरने धावत असते. ह्या दोन्ही जोड्या रॉकेलमध्ये मी धुतल्या, दाते मी मोजले, भागाकार मी केला, आणि हे मला काटा दाखवत होते. मी एकदाही बोलले नाही. फसवल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही, आणि तो माणूस मला फार आवडत होता.

६. आता भांडण. ह्यांच्या तेरवीला पाहुणे जेवून उठले आणि अश्विन म्हणाला, "बाबाची गाडी मी कंपनीतून निघाली तशीच ठेवीन. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात नेईन." दिपाली म्हणाली, "उभीच ठेवाची तं तिले गाडी काहून म्हणतं? कपाट म्हण." तिला कायमचा लांब गोळा बसवून, समृद्धी महामार्ग खुला झाला की गाडी त्यावरून नाशिकला न्यायची होती. शब्दाला शब्द वाढला. तेव्हापासून दिपाली माहेरी येते, दोघे एका पंगतीत बसतात आणि माझ्यामार्फत बोलतात. "आई, तिले सांग, वरण थंडं होऊन राहिलं." "आई, त्याले सांग, मले दिसते." मी मधे बसून निरोप पोचवते. मी गेल्यावर हे निरोप कोण पोचवणार, या एकाच विचाराने माझी झोप मोडते. दोघांचेही बापावर प्रेम आहे, म्हणूनच दोघेही मागे हटत नाहीत. मला दोघांचाही राग येतो आणि दोघांचीही कीव येते.

७. म्हणून गाडी, तीत आज बसवलेल्या कंपनीच्या गोळ्यासह, अश्विनला. पडवीत गोणपाटाखाली ठेवलेला लांब गोळा दिपालीला. जॅक आणि उचललेली गाडी टेकवायच्या घोड्या अश्विनला, इंची पान्यांची पेटी दिपालीला. माझ्या वकील आणि एकेकाळच्या विद्यार्थिनी नीला बारापात्रे यांनी मला दोनदा विचारले की, बाई, गाडी एकाला आणि तिचा भाग दुसऱ्याला, हे चुकून तर झाले नाही ना? चुकून नाही. सुटा भाग कायद्याने वेगळा देता येतो, हे त्यांनीच मला सांगितले. याच नीलाताईंना मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते.

८. गोळा एकट्याने बदलता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. एकजण गाडीखाली झोपतो, दुसरा बाजूने आधार देतो, आणि शेवटचा नट निघाला की "आला, आला" असे ओरडावे लागते. आम्ही दोघांनी तो आयुष्यभर असाच बदलला. ह्यांच्या ऑपरेशननंतर खाली मी झोपायची, सलवार घालून. तेव्हा एका विद्यार्थिनीची आई शिकवणीचे विचारायला आली आणि माझे नुसते पाय पाहून परत गेली. हे गेल्यापासून गोळा बदललेला नाही. लांब गोळ्याला मी दसऱ्याला तेल लावते आणि झेंडू वाहते. तो लावलेल्या गाडीत मी त्यानंतर एकदाही बसले नाही.

९. माझ्या अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडाव्यात, आणि त्या या गाडीने न्याव्यात. त्याआधी दोघांनी मिळून लांब गोळा बसवावा. नव्वद नंबरचे ऑइल नवे घालावे. ही अट नाही; अट घातली तर भांडण कोर्टात जाते असे नीलाताई म्हणतात. ही माझी इच्छा आहे, आणि ती मोडली तर तुम्हाला विचारायला मी असणार नाही. परत आल्यावर कोणता गोळा ठेवायचा ते तुम्ही ठरवा. समृद्धीवर मात्र या म्हाताऱ्या गाडीला नेऊ नका, तिथे मागून येणाऱ्याला धीर नसतो.

रामटेकला जाताना दिपालीने गाडी चालवावी, अश्विनने शेजारी बसावे आणि मला मागच्या सीटवर ठेवावे. कन्हानचा पूल ओलांडला की काटा साठावर धरा. मी काही बोलणार नाही, तेव्हाही बोलले नव्हते. आणि एकमेकांना काय सांगायचे असेल ते थेट सांगा. या गोळ्यावर इंजिन ओरडत नाही. बाजूला बसलेल्याचे सगळे ऐकू येते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि एकही ओळ खोडावीशी वाटली नाही. खालील दोघींच्या समक्ष सही करते. दोघींनाही यातून काही मिळायचे नाही.

सही: सत्यवती धोंडबा काळबांडे

साक्षीदार:
१. डॉ. नंदिनी वासनिक, सक्करदरा, नागपूर (सही)
२. दीप्ती टेकाडे, शेजारीण, सक्करदरा, नागपूर (सही)

स्थळ: नागपूर
दिनांक: ३ ऑक्टोबर २०२५