खोल पाण्यातला बास

पाइन ग्रोव्ह, केंटकी
११ ऑगस्ट, रविवार

प्रिय रँडल,

टेक्सासच्या उन्हात भाजून निघाला नसशील आणि जेवणखाण वेळेवर करत असशील, असं धरून चालतो. इथे सगळं ठीक. टोमॅटो इतके आलेत की चर्चमध्ये मला पाहिलं की आणखी टोमॅटो गळ्यात मारेल म्हणून लोक वाट बदलतात. अक्षर वेडंवाकडं झालंय, सांभाळून घे.

फोनवर आपलं बोलणं हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसलो. गेल्या शनिवारी मी हॉलो फोर्क तलावावर जोडीच्या मासेमारी स्पर्धेला जाऊन आलो. जोडीदार कॉरीन. हो, आपलीच कॉरीन. घटस्फोट तुमचा झाला, माझा आणि तिचा नाही.

तलाव दोघांनाही नवा, त्यात ऑगस्ट. सरावाच्या दिवशी होडी पाण्यात उतरली तसा मी गळ उचलला, तर ही म्हणते, "पापा, आज गळाला हात लावायचा नाही. आज नुसतं बघायचं."

"बघायला? मी काय फोटो काढायला आलोय?"

"काढा की. पण गप्प बसून काढा."

अर्धा दिवस ती पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर नजर ठेवून होडी गोगलगायीसारखी फिरवत होती. धरण होण्याआधीची नदी तळाशी कुठून वळते, कुठे तळ एकदम खचतो, सगळं बघत. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, आणि फार खाली गेलं तर माशाला श्वास पुरत नाही. म्हणजे बास मासा, ज्याची ही स्पर्धा, तो राहणार मधल्या थंड पट्ट्यात. तो पट्टा जुन्या नदीच्या काठाला जिथे टेकतो, तेवढ्याच जागा तिने निवडल्या. एवढ्या अवाढव्य तलावातून मोजक्याच उरल्या. मी मात्र जन्मभर काठावरच्या झुडपांत गळ फेकत आलो आणि त्यालाच अनुभव म्हणत आलो.

संध्याकाळी आमिषाच्या दुकानात गेलो. तिथल्या ओपलबाईला सगळे विचारतात, मासे कुठे लागतायत? कॉरीनने विचारलं, "धरणाचं पाणी कधी सोडतात?"

ओपलबाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हे बाहेरचं कुणी विचारत नाही गं. दुपारी सोडतात. लोकांचे एसी सुरू झाले, की विजेसाठी धरण चालू."

स्पर्धेची सकाळ कोरडी गेली. शेजारून जाणारा एकजण ओरडला, "काय हो आजोबा, मासे झोपलेत की तुम्ही?" मी कॉरीनला म्हटलं, चल काठाला, सावलीत तरी बसू. ती जागची हलली नाही. "पाणी हलू दे, पापा."

दुपारी होडीचं नाक हळूच वळायला लागलं. पाणी वाहत होतं. तसं झालं, की बास त्या बुडालेल्या काठावर प्रवाहाकडे तोंड करून रांगेने बसतात, वाहत येणारा चारा टिपायला. तिने माझ्या हातात गळाची काठी दिली. वजन लावलेली रबरी अळी तळावरून सावकाश ओढत आणायची होती.

"दोरीकडे बघू नका," ती म्हणाली. "बोटाला काय लागतंय, तेवढं सांगा."

आता लपवण्यात अर्थ नाही, रँडल. माझी नजर चाललीय. जिथे बघतो तिथे मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसतं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी कुणालाही कळू दिलं नव्हतं. पण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की सगळ्या काठ्यांना तिने घरूनच गळ बांधून आणलेत. आणि उन्हाळ्यात मासे धरायचे इतके प्रकार असताना तिने नेमका तो निवडला, ज्याला डोळे लागत नाहीत. याबद्दल एक अक्षर न बोलता.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"ते नंतर! आधी ओढा, पापा, लागलाय!"

लागला होता. त्यानंतर लागतच राहिले. पहिला नंबर तिथल्याच दोन भावांनी नेला, दुसरा आमचा. पण त्या दिवसातला सगळ्यात मोठा बास माझ्या गळाला होता. धड दिसला नाही मला. हातात घेऊन उभा राहिलो आणि लहान पोरासारखा हसलो.

परतताना गाडी तीच चालवत होती. तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "वेंडलने मला मागणी घातलीय. आम्ही ऑक्टोबरात लग्न करतोय. माझे वडील नाहीत. चर्चमध्ये माझा हात धरून तुम्ही न्याल मला?"

"पोरी, मला समोरचं दिसत नाही."

"मला दिसतं. तुम्ही फक्त चाला."

मी हो म्हटलं. तुझ्यावर राग काढायला नव्हे. तिने विचारलं, आणि त्याला दुसरं उत्तर माझ्यापाशी नव्हतंच. हे तुला माझ्याकडूनच कळावं, बाहेरून नको, म्हणून ही सगळी खटपट. वेंडल चांगला माणूस आहे. तुला हे वाचून त्रास होईल, ठाऊक आहे. मला लिहितानाही झाला.

तू तुझ्याकडे राहायला बोलावलंस, खोलीही रिकामी केलीस, ते मी विसरलेलो नाही. पण मी इथेच राहीन. लग्नाला ये असं म्हणत नाही. थंडी पडल्यावर ये. तेव्हा मासे वर येतात, तुलाही लागतील. आणि होडीत बसून आपण हवामान सोडून दुसरं काहीतरी बोलू.

तुझा, आणि आता तिचाही,
बाप
व्हर्लन