उत्तरेची भिंत

हिवाळी तळ, मंदलगोवी
२८ सप्टेंबर

चि. उयांगास,
आशीर्वाद. 'अनेक उत्तम' हे दोन शब्द मागे ठेवले आहेत. लायकी दाखवलीस की पाठवीन.

बाबांच्या डोळ्यांसाठी त्यांना शहरात न्यायचं ठरलं तेव्हा मी अडवलं नाही. मोतीबिंदू काय मी काढणार होतो? पण घोडे वळवून परत आलो आणि तंबूत शिरलो तर खुंटी मोकळी! आजोबांनी घडवलेली सारंगी, जिच्या माथ्यावर त्यांनी आपल्या करड्या घोड्याचं तोंड कोरलं, ती तू मला न विचारता ट्रकमध्ये घालून नेलीस. घरात पहिली पदवीधर झालीस, विद्यापीठाचा बिल्ला लावतेस. विचारून वस्तू नेणं हे त्यांच्या पुस्तकात मागासलेपणात मोडतं का?

आता नेलीच आहेस तर नीट ऐक. सारंगी दारासमोरच्या भिंतीला लाव, उत्तरेला, उंचावर, मानाच्या जागी. शहरातले लोक दाराशी बुटांच्या रांगेत काहीही टांगतात, तसं आपल्या घरात झालेलं माझ्या कानावर आलं तर तुला या तळावर चहासुद्धा मिळणार नाही. तुझ्या वहिनीने वाळवलेलं दही पाठवलं आहे. ते बाबांसाठी आहे.

लोभ किती ठेवायचा ते सारंगी परत आली की ठरवू.
दमदीन

---

उलानबातर
१२ ऑक्टोबर

ती. दादास,
उयांगाचा सा. न. वि. वि.

सारंगी मी नेली नाही. बाबांनी आपला हिवाळी अंगरखा तिला गुंडाळला आणि स्वतः तुझा घालून ट्रकमध्ये बसले. तुझा अंगरखा हरवला म्हणून वहिनींवर ओरडला असशील तर त्यांची माफी माग.

तुझी आज्ञा पाळली आहे. दारासमोर, खिडकीच्या बाजूला, उंच. गळ्यात निळं रेशमी वस्त्रही घातलं आहे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पट्टी काढल्यावर बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, तू इतकी वाळलीस कधी? डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा एप्रिलमध्ये करायचं ठरवलं आहे. तोवर धूर आणि धुळीपासून लांब राहायचं, थेंब चुकवायचे नाहीत. म्हणजे हा हिवाळा ते माझ्याकडे.

इमारतीत गरम पाणी सुरू झालं आहे. खिडकीखालचा रेडिएटर असा तापतो की बाबा बनियनवर बसतात आणि त्याला 'ताप आलेला उंट' म्हणतात. तो कमी करता येत नाही. त्याला चावीच नाही. वसंत येईपर्यंत तो असाच तापणार. ओठ फुटतात, बाबांच्या नाकातून दोनदा रक्त आलं, किटलीला हात लावला की ठिणगी बसते. बाबा किटलीला शिव्या देतात.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून त्यांना समजावलं. बाहेरच्या थंड हवेत पाणी थोडंच असतं. ती आत येऊन तापली की तहानते, आणि मग सापडेल त्यातून पाणी पिते. आपल्या नाकातून, ओठांतून, पावातून, लाकडी फळ्यांतून. म्हणून मी खोलीत घमेली भरून ठेवली आहेत. बाबा हसत सुटले. म्हणाले, जनावरांना पाणी पाजून आयुष्य गेलं, आता हवेला पाजायचं राहिलं होतं.

पत्र रागाने लिहू नकोस. दह्यातलं थोडं मीही खाल्लं.
उयांगा

---

उलानबातर
३ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. सारंगी फुटली.

परवा दुपारी मी चहात मीठ घालत होते. टाळी वाजावी तसा आवाज झाला. बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, हाड मोडलं कुणाचं तरी. पोटावरचं शेळीच्या करडाचं कातडं कडेने बोटभर फाटलं आहे. खालची फळीसुद्धा सांध्यात उघडली आहे, नख जाईल इतकी. बाबांनी तिला मांडीवर घेतलं, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत टांगायला सांगितलं.

मी तुला आधीच लिहिलं होतं की ही हवा सगळ्यांतून पाणी पिते. नाक लिहिलं, पाव लिहिला, फळ्या लिहिल्या. सारंगी माझ्या डोक्यात आली नाही.

फळी इथला एक सुतार चिकटवून देईल. कातडं मात्र आपल्या करडाचंच हवं, बाबांना दुसरं चालणार नाही. एक पाठवशील का?
उयांगा

---

हिवाळी तळ
१९ डिसेंबर

उयांगास,

चिरंजीव लिहीत नाही. आज हात वळत नाही.

आजोबांच्या काळापासून ती सारंगी तंबूत होती. वादळं झाली, गोवऱ्यांचा धूर झाला, थंडीत मेंढ्या उभ्याच्या उभ्या गोठल्या. तिला ओरखडा गेला नाही. तुझ्या पक्क्या घरात, विजेच्या दिव्याखाली, दोन महिन्यांत तिचं पोट फाटलं. आणि तू मला हवेची तहान समजावतेस? हे सगळं तुला सारंगी फुटायच्या आधी माहीत होतं की नंतर? आधी माहीत असेल तर तू निष्काळजी. नंतर कळलं असेल तर ते शिक्षण कुणाच्या उपयोगाचं?

कातडं मिळणार नाही. तुझ्या त्या भट्टीत मी मेलेल्या उंदराचंही कातडं पाठवणार नाही.

त्सागान सारला, नव्या वर्षाला, मी ट्रक घेऊन येतो आहे. बाबा आणि सारंगी, दोघांना घेऊन जाईन. एक फाटली, दुसरा फाटायची वाट बघायची नाही.
दमदीन

वन्सं, खाली जागा उरली म्हणून लिहिते. तुमच्याकडे पाणी नळाला येतं म्हणून ऐकून होते. हवेत मात्र येत नाही वाटतं? बाबांना तूप लावत जा नाकात.
त्सेवेलमा

---

उलानबातर
१० जानेवारी

ती. दादास,

नमस्कार लिहिला नाही म्हणून चिडू नकोस, तूही आशीर्वाद लिहिला नव्हतास.

आता मी सांगते आणि तू ऐक. शाळेतल्या मुलांबरोबर मी हवेतलं पाणी मोजायचं एक साधं यंत्र केलं. लांब केसाला काटा बांधायचा. ओल वाढली की केस लांबतो, कोरड पडली की आखडतो. ते घरी आणून प्रत्येक भिंतीशी धरलं. स्वयंपाकघराकडे काटा मध्यावर राहतो. दाराशी तर ओलीच्या बाजूला. आणि उत्तरेच्या भिंतीवर, सारंगीच्या खुंटीशी, काटा तळाला जाऊन बसला. तिथे केस तुटायचाच बाकी होता.

दादा, तंबूत दारासमोरची जागा मानाची, कारण दारातला वारा तिथे पोचत नाही. या इमारतीत दारासमोर खिडकी असते आणि खिडकीखाली रेडिएटर. तुझी मानाची जागा ताप आलेल्या उंटाच्या पाठीवर आहे! तू धमकी देऊन ती जागा सांगितलीस, आणि मी शिकलेली बाई डोकं गहाण ठेवून तिथेच खिळा ठोकला. दोष अर्धा माझा. उरलेला तुझा, तो उचल.

सारंगी मी तिथून काढली आणि दाराशी लावली. होय, बुटांच्या वर. बाबांनी ते पाहिलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या हातचा चहा घेतात, पण कप किटलीकडे बघून मागतात.

बाकी घरात मी चादरी भिजवून दोरीवर घालते, रेडिएटरवर ओला टॉवेल टाकते, किटलीचं झाकण उघडं ठेवते. त्यापायी बाहेरच्या भिंतीचा कोपरा बुरशीने काळा पडला आहे आणि खिडकीवर बर्फाची पोळी धरली आहे. पण बाबांच्या नाकातून महिनाभर रक्त आलं नाही आणि रात्रीचा खोकला थांबला आहे.

तू त्यांना नेलंस तर एप्रिलमध्ये परत आणणार आहेस का? तेव्हा करडांचा हंगाम. ना ट्रक मिळेल ना तू हलशील. डावा डोळा राहून जाईल. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. त्यांच्या डोळ्यावर काढू नकोस.
उयांगा

---

हिवाळी तळ
२८ जानेवारी

उयांगास,

दाराशी. बुटांच्या वर. आजोबांना.

येतो आहे. बाबांचं सामान बांधून ठेव.
दमदीन

---

उलानबातर
९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. (नमस्कार यासाठी की बाबा शेजारी बसून मी काय लिहिते ते एका डोळ्याने वाचत आहेत.)

नव्या वर्षाला मोठ्यांच्या कोपराखाली हात धरून नमस्कार करतात. मी हात पुढे केले आणि तू टोपी काढायचं निमित्त करून वळलास. शेजारच्यांसमोर म्हणालास, आमच्या बहिणीने आजोबांना पायताणांत उभं केलंय, बघा शिक्षण. मी बूझचं, खिम्याच्या मोदकांचं, ताट तुझ्यापुढे आपटलं नाही, एवढंच माझं शिक्षण समज.

तुला झोपायला उत्तरेकडची जागा दिली. तू मोठा, मानाची जागा तुझी. सकाळी तुझ्या नव्या निळ्या अंगरख्याच्या गळ्यावर रक्त होतं. तू नाक धरून बसलास आणि विचारलंस, पाण्यात काय घातलंस? बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि माझ्याशी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, त्याला घमेलं दे, नाहीतर तोही फुटेल.

पुढच्या पहाटे मला जाग आली तेव्हा तू रेडिएटरपाशी पाठमोरा उभा होतास आणि टॉवेल पिळून त्यावर पसरत होतास. मी डोळे मिटून घेतले. तुला बघितलेलं आवडलं नसतं.

आणि मग तू गेलास. चहा न घेता, माझ्याशी न बोलता, बांधलेलं सामान तसंच ठेवून, बाबांना न घेता. सारंगीच्या खुंटीला ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुंडाळी होती. उघडली तर करडाचं कातडं. म्हणजे तू ते तळावरून निघतानाच घेतलं होतंस! उंदराचंही पाठवणार नाही म्हणणाऱ्याला काय म्हणावं ते मला सुचत नाही. बाबांना सुचलं, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

फळी सुताराने आधीच चिकटवली होती; कातडं मी धरलं आणि बाबांनी ते ताणून बसवलं. उत्तरेच्या भिंतीवर ते तासात कडकडीत झालं असतं. दाराशी आठवडाभर हळूहळू वाळलं. काल त्यांनी गज फिरवला. आवाज अजून जाड आहे, सर्दी झाल्यासारखा. बाबा म्हणतात, नवीन आहे, शिकेल.

डोळ्याची तारीख चौदा एप्रिल. बाबांना का ठेवून गेलास, ते विचारलं तर ते मिशीत हसतात. तू तरी सांग. आणि माझ्यावरचा राग गेला आहे की अजून तसाच, तेही एकदा कळव. मी त्याप्रमाणे मायना लिहीत जाईन.
उयांगा

---

हिवाळी तळ
२ एप्रिल

चि. उयांगास,
अनेक उत्तम आशीर्वाद. मागे ठेवलेले दोन शब्द पाठवले आहेत, हिशेब संपला.

राग गेलेला नाही. तुझा चहा पाणचट असतो. कोपऱ्यातली भिंत खरवडून चुना लाव, ती बघून मला मेंढीची खरूज आठवली. बूझमध्ये चरबी कमी होती. ट्रक परत द्यायचा होता म्हणून लवकर निघालो, दुसरं कारण नाही.

बाबांना विचारलं होतं, चला म्हणून. ते म्हणाले, तुझं तोंड एका डोळ्याने बघितलं तर हे असं दिसतं, दुसराही येऊ दे, मग ठरवू तुझ्याबरोबर राहायचं का. मग मी एकटाच ट्रकमध्ये बसलो.

करडं येऊ लागली आहेत. चौदाला मला येता येणार नाही. डोळ्याची पट्टी काढतील तेव्हा समोर तू उभी राहा आणि यावेळी पोटभर खाऊन उभी राहा. घमेली भरलेली ठेव. थंडी गेली तरी तुमचा उंट मेपर्यंत तापतो, बाबांनी सांगितलं.

इथे सगळे विचारतात सारंगी कुठे आहे. मी सांगितलं आहे की बहिणीच्या घरी आहे, मानाच्या जागी टांगली आहे. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

बूट मात्र तिथून हलव.
दमदीन