रेघ सातव्याच दगडावर राहील

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण माझ्याविरुद्धच्या तक्रारीवर पहिली सही तुझी पाहिल्यापासून कंबर वाकत नाही. तेव्हा उभ्यानेच नमस्कार. गुडघे कसे आहेत? आम्ही मजेत. चार गल्ल्यांवर राहून पत्र लिहितोय, कारण तू अबोला धरला आहेस आणि दारातून ओरडून बोलणं मला या वयात शोभत नाही.

तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. वर डोंगरात पाऊस कोसळतो आणि इथे उन्हात कपडे वाळत असताना ओढा घरात शिरतो, त्यावर उपाय काढायला तालुक्याच्या कार्यालयातल्या बाई आल्या. पुलाच्या खांबावर लाल रेघ ओढायची, पाणी तिला टेकलं की चौकीदाराने भोंगा वाजवायचा. रेघ कुठे, ते मात्र वस्तीने समिती नेमून ठरवावं, असं त्या म्हणाल्या आणि तिथेच माशी शिंकली. मी खांबाचा खालून सातवा दगड म्हणालो (का, ते विचारू नकोस). पण प्रत्येकाला पुरापेक्षा आपलं घर पुरात जाणारं ठरेल याचीच धास्ती. दुकानदार म्हणाला एक दगड वर घ्या, डॉक्टर म्हणाले दोन, आणि भाडेकरू पळतील म्हणून तिसऱ्यासाठी तू वर केलेला हात चहा येईपर्यंत खाली घेतला नाहीस. रेघ बहुमताने दहाव्या दगडावर गेली. ओढ्याला बैठकीचं बोलावणं नव्हतं, त्यामुळे त्याचं मत नोंदवलं गेलं नाही.

रंगवायचं काम माझ्याकडे आलं (वस्तीतल्या सगळ्या पाट्या तीस वर्षं मीच रंगवतोय, डॉक्टरांच्या पदव्यांसकट). मी रेघ सातव्यावरच ओढली. गुरुवारी पाणी तिला टेकलं, भोंगा वाजला, अख्खी वस्ती शाळेच्या पायऱ्यांवर पळाली, डॉक्टरांचा पेशंट तोंडात थर्मामीटर धरून. पाणी आठव्या दगडापर्यंत येऊन परत गेलं. त्याचा आनंद मानायचा सोडून सगळे माझ्यावर उखडले. आता तुमच्या तक्रारीवरून समितीची नोटीस आली आहे, सोमवारपर्यंत रेघ दहाव्यावर घ्या, नाहीतर यापुढे तुम्हाला काम नाही. नाही घेणार. काम गेलं तर गेलं. दुसरा रंगारी आणला तर मी खांबाला मिठी मारून उभा राहीन, मग त्याने खुशाल मला रंगवावं.

तुझा (अजून तरी) भाऊ

ता. क. गुरुवारी पळताना हरवलेली तुझी चप्पल सापडली. सोबत पाठवतोय. रागाने दुसरी फेकली नसशील तर जोड होईल.

ता. क. २. बैठकीच्या आदल्या दिवशी तुझ्या दारापासून शाळेपर्यंत मी घड्याळ बघत तुझ्यामागून आलो, तेव्हा 'माझ्या चालण्याची मजा बघतोस' म्हणून तू तणतणलीस. तुला चौदा मिनिटं लागली. दहाव्या दगडापासून तुझ्या दारात यायला पाण्याला नऊ लागतात, सातव्यापासून सोळा, ते मी गेल्या वर्षी पुलावर उभं राहून तुझ्या दाराकडे बघत मोजलंय. बाकी सगळे नऊच्या आत पोचतात, दुकानदार तर चारात. चारचौघांत तुझे गुडघे काढले असते तर तू जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतंस, म्हणून गप्प बसलो. तेव्हा सही मागे घेऊ नकोस, अबोलाही चालू दे. फक्त भोंगा वाजला की चपला शोधत बसू नकोस, अनवाणी नीघ.