उजवी बाजू

मास्तर, तुमचा राग मला अजून येतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही शिकवलेलं निम्मं विसरलेही, पण हा राग काही जात नाही.

अचलपूरच्या तुमच्या माडीवर मी दोन कंडेन्सर माइक घेऊन आले तो दिवस आठवतो. घरच्या शेवंतीचे हार विकून स्वस्तातली जोडी घेतली होती, आणि तुम्ही म्हणालात, "दोन कायले? गानारा त एकच हाय." मी म्हटलं, आपण दोघं गाणार ना. तुम्ही नुसते हसलात. माणसाला दोन कान असतात तसे मी ते माइक अंतर ठेवून उभे केले, डाव्यासमोर तुम्ही, उजव्यासमोर मी. ऐकणाऱ्याला डोळे मिटूनही कळावं, कोण कुठे बसलंय. पंखा बंद, खिडक्या बंद, कारण ते माइक रस्त्यावरच्या सायकलची घंटीसुद्धा सोडत नव्हते. घाम गळतोय आणि आपण गातोय. माझी तान समेवर आली तेव्हा तुम्ही 'वा' म्हणालात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

ते रेकॉर्डिंग तुम्ही अकोल्याच्या सीडीवाल्याला दिलं. पुढे अमरावतीला एसटी स्टँडजवळच्या टपरीवर ते वाजताना ऐकलं आणि माझी बस चुकली. तुमचा आवाज अगदी समोर, माझा शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. दोन्ही स्पीकरवर डाव्या माइकचीच, म्हणजे तुमचीच बाजू होती. उजवी तुम्ही दिलीच नव्हती. लोकांना वाटलं असेल, मागे कोणी गुणगुणतंय.

विचारलं तर पेटीवरून नजर न उचलता म्हणालात, "त्याले एकच गळा पायजे होता. कापसाले भाव नाही, तवापासून मले कोनी गान्याले बोलावून नाही राहिलं. नाही कसं म्हनू?"

ते खरं होतं. त्या वर्षांत गावोगावचे कार्यक्रम बंदच पडले होते. मला विचारलं असतंत तर मी स्वतःच हो म्हणाले असते. पण सीडी घरी आणून ऐकली, तर माझ्या तानेनंतरचा तुमचा 'वा' त्यात नाही. तेवढाच कापलेला. तो राहिला असता तर दुसरं कोणी गात होतं हे कळलं असतं. मास्तर, आवाज घेतलात ते एक वेळ सोडलं असतं, दिलेली दाद परत घेतलीत हे मला सहन होत नाही.

उजवी बाजू माझ्याकडे आहे. तिच्यात तुम्ही लांब आहात, पण 'वा' शाबूत आहे. हे पत्र कपाटातच राहणार, म्हणून सांगते. रागाच्या भरात ती बाजू लावते, आणि ती तान जवळ आली की आवाज वाढवते.