घुबड निरोप नेत नाही

३ मार्च, रविवार

मी काय या घरातला पोस्टमन आहे? सकाळपासून सात फेऱ्या झाल्या. "आजी, बाबांना सांग गॅस संपलाय." "आई, तिला सांग दार नीट लाव." दोघं एकाच खोलीत, मध्ये चार हात अंतर! नातीने नोकरी सोडली, त्याला चार महिने झाले. माझा मुलगा म्हणाला, "खेळ रचून कुणाचं पोट भरलंय?" ती म्हणाली, "मग मला विचारूच नका." तेव्हापासून बापलेकींनी मिठाची गुळणी धरली आहे. गुडघे माझे झिजतात.

२५ तारखेला ती दुसऱ्या गावी जायची आहे, खेळ बनवणाऱ्यांकडे कामाला. अशीच न बोलता जाणार.

१० मार्च, रविवार

तिच्या खेळात एक गडी कमी पडला, म्हणून मला बसवलं. टेबलावर नकाशा, फासे, भोवती तिचे तीन मित्र. खेळ नात चालवते — जंगल, राक्षस, पाऊस, सगळं तीच. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं. मला मिळाली रानबाई. झाडपाल्याची विद्या येते, हवं ते जनावर होते. तिचे नियम नातीने स्वतः वहीत लिहिलेत.

पहिलाच नियम ऐकून डोकं फिरलं. म्हणे जनावर झालं की जखम जाते. म्हटलं, "चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या मी. लंगडी कोंबडी खुराड्यावर चढली म्हणून लंगडायची थांबत नाही."

तिच्या मित्रांतला दाढीवाला म्हणाला, "आजी, मग जनावर व्हायचं कशाला?"

"पळायला."

नातीने खोडरबर घेतला. आता निम्मी जखम बरोबर येते.

मग मीही दोन नियम घातले. जनावराला बोलता येणार नाही. आणि फार वेळ जनावर राहिलं, तर घरच्या माणसाने टेबलाशी बसून हाक मारल्याशिवाय परत माणूस होता येणार नाही. खेळ चालवणाऱ्याची हाक चालायची नाही — जी राक्षस अंगावर सोडते तिनेच सोडवायचं, हे कसं?

नात म्हणाली, "आजी, तू फार कडक आहेस." आहेच.

१२ मार्च

नियमांची वही दिवसभर सापडेना. संध्याकाळी होती तिथेच.

१७ मार्च, रविवार

फसले. कोल्हे मागे लागले. अंगावर सात जखमा घेऊन घुबड झाले नि झाडावर जाऊन बसले. निम्म्या किती, ते बघायला कुणाला सवड नव्हती. बसल्या बसल्या वेळ टळली. आता हाक हवी, घरच्या माणसाची. नातीची चालत नाही. उरला एकच — तो पलीकडच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून. तासभर पान उलटलेलं नाही.

"आजी, बदलूया का नियम?" नातीने विचारलं.

मी नुसती मान हलवली. नाही.

माझ्याच नियमात मी अडकले. पण अडकले ते बरं झालं.

१८ मार्च

घुबड आहे. निरोप नेत नाही.

२१ मार्च

चौथा दिवस. मुलगा म्हणाला, "आई, तिला विचार गाडी किती वाजता." मी नुसते डोळे वटारले.

"हा काय पोरकटपणा, आई?"

तिकडून नात, "आजी, बाबांना सांग की..." आणि थांबली.

तासाभराने फ्रिजवर चिठ्ठी — 'सोमवार, सकाळी सात.' एवढं लिहायला कागद फाडला, पण तोंड उघडलं नाही. अगदी बापावर गेली आहे कार्टी.

२४ मार्च, रविवार

शेवटचा डाव. ही रोजनिशी मांडीवर घेऊन टेबलाखाली लिहितेय.

मुलगा आला. खुर्ची ओढून बसला, कुणी न बोलावता. हातात नियमांची वही, समासात पानोपानी शिसपेन्सिलीच्या खुणा. आयुष्यभर इमारतींचे नकाशे तपासले, चूक दिसली की हात शिवशिवतो त्याचा. हाक काही मारली नाही अजून. चष्मा चढवला आणि थेट नातीलाच म्हणाला, "निम्मी जखम लिहिलंस. आजीला सात झाल्या होत्या. साडेतीन जखमा असतात का कुठे?"

चार महिन्यांनी.

नातीने सवयीने माझ्याकडे पाहिलं. दाढीवाला तोंड उघडत होता, त्याच्या पायावर पाय दिला.

मी घुबड आहे, बये. बापाने तुला विचारलंय. उत्तर तूच द्यायचं.